पेरोव्स्काईट नॅनोक्रिस्टल, पाणी आणि लेझर: प्रकल्प नोंदी, इंदूर

११ जून २०२४

सरांबरोबर बसून विषय पक्का केला. सिझियम लेड ब्रोमाईड या पेरोव्स्काईटचे (एका ठरावीक स्फटिक रचनेच्या पदार्थाचे) नॅनोक्रिस्टल, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायचे स्फटिक, बनवायचे, त्यांच्या फिल्ममधून लेझरसारखा प्रकाश मिळवायचा आणि ती फिल्म पाण्यात टिकवायची. पहिल्या दोन गोष्टी जगात बऱ्याच ठिकाणी झाल्यात. २०१५ साली झुरिचच्या ईटीएचमधल्या कोवालेन्कोंच्या ग्रुपने हे क्रिस्टल बनवायची पद्धत दिली आणि त्याच वर्षी त्यांच्याच लोकांनी दाखवलं की यांच्यात ऑप्टिकल गेन, म्हणजे आतून जाणारा प्रकाश वाढवायची ताकद, जबरदस्त आहे, चौरस सेंटीमीटरला ५ मायक्रोज्यूलच्या आसपास पंप केलं, म्हणजे बाहेरून प्रकाशाची ऊर्जा दिली, की अ‍ॅम्प्लिफाईड स्पॉन्टेनियस एमिशन सुरू होतं, म्हणजे आपोआप निघालेला प्रकाश पदार्थातून धावताना वाढत जातो, ज्याला आम्ही सगळे एएसई म्हणतो ते. पूर्ण लेझर नाही पण लेझरच्या दारापर्यंतचा पुरावा.

तिसऱ्या गोष्टीपाशी सगळं अडतं, कारण हा मीठ टाईप पदार्थ आहे. आयन आयनाला धरून बसलाय आणि पाणी आलं की तो हात सोडतो.

सरांनी विचारलं, लेझरला पाण्याशी काय घेणं? माझ्या मते खूप घेणं आहे. पाण्यात ठेवून वापरायचे सेन्सर, सूक्ष्म नळ्यांमधले लेझर हे तर आहेच पण ते सोडलं तरी उघड्या हवेत ठेवलेलं सॅम्पल आपल्याकडे जुलैमध्ये काय पाण्याबाहेर असतं का. जो लेझर पावसाळा काढू शकत नाही तो फक्त ग्लव्हबॉक्समध्ये, कोरड्या बंद पेटीत, दाखवायचा राहतो, आणि मला ते मान्य नाही.

१५ जून

पहिली बॅच. ठरलेली हॉट इंजेक्शन रेसिपी: ५ मिलिलिटर ऑक्टाडेसीनमध्ये ६९ मिलिग्रॅम लेड ब्रोमाईड, १२० अंशाला व्हॅक्युमखाली तासभर, मग ओलेईक अ‍ॅसिड आणि ओलेलअमाईन अर्धा अर्धा मिलिलिटर, सगळं विरघळून ट्रान्सपरंट झालं की तापमान वर न्यायचं, गरम सिझियम ओलिएट सिरिंजने एका झटक्यात आत, पाच सेकंद, आणि फ्लास्क बर्फाच्या पाण्यात. त्या पाच सेकंदातच सगळं होतं. पाणचट पिवळट द्रव डोळ्यासमोर हिरवा होतो आणि वरून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला की अख्खा फ्लास्क पेटल्यागत दिसतो. कितीही वेळा केलं तरी मला ते बघायला आवडतं.

पीएलचा (यूव्ही मारल्यावर निघणाऱ्या प्रकाशाचा) पीक ५१६ नॅनोमीटर, रुंदी साधारण वीस. ठीक आहे.

२५ जून

पाऊस आला. लॅबमधलं हायग्रोमीटर मेच्या शेवटी तिशीच्या खाली होतं, आज ८२ टक्के. एसी आहे पण डीह्युमिडिफायर नाही, आणि ग्लव्हबॉक्स दुसऱ्या ग्रुपकडे आहे.

आज मुद्दाम सर्वात सोपा प्रयोग केला. काचेवर स्पिन कोट केलेली, म्हणजे काच गरगर फिरवून पसरवलेली, साधी फिल्म, कसलंही संरक्षण नाही, खाली यूव्ही लावला आणि वरून ड्रॉपरने डीआयोनाईज्ड पाण्याचा एक थेंब. मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घेतला. ओलेईक अ‍ॅसिडमुळे फिल्म आधी पाण्याला नकार देते, थेंब फुगून बसतो, वाटतं काही होणार नाही. मग थेंबाच्या कडेला, जिथे पाणी, हवा आणि फिल्म तिघं भेटतात तिथे, एक काळी रेघ दिसायला लागते, बारीक, केसाएवढी. ती रेघ हळूहळू आत सरकते, मध्ये कुठे कुठे सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके पडतात आणि प्रत्येक ठिपका गोल वाढत जातो. म्हणजे थेंबाखालची फिल्म सगळी एकदम जात नाही, जिथे भोक सापडलं तिथून जाते. थेंब टिपून घेतला, उजेडात बघितलं, मागे पांढुरका डाग.

डागाचं एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे मारून स्फटिकाची रचना ओळखायची टेस्ट, करून आणलं. १५.२, २१.५ आणि ३०.७ अंशाचे आपले नेहमीचे पीक खाली गेलेत आणि ११.७ ला नवा उभा राहिलाय, म्हणजे सिझियम डायलेड पेंटाब्रोमाईड. गणित साफ आहे. सिझियम ब्रोमाईड पाण्यात भयंकर विरघळतं, लिटरला किलोच्या वर, आणि लेड ब्रोमाईड त्याच्या शंभराव्या भागाइतकंही नाही. तर पाणी येतं, सिझियम ब्रोमाईड उचलून नेतं, आणि मागे जे शिसं जास्तीचं राहतं ते दुसऱ्या रचनेत बसतं जी हिरवी चमकत नाही. क्रिस्टल विरघळला असं आपण म्हणतो पण खरं म्हणजे त्यातला एक भाग चोरीला गेला.

२९ जून

गंमत म्हणजे हीच चोरी उलट बाजूने उपयोगी पडते. सिझियम जास्त असलेलं जे टेट्रासिझियम लेड हेक्साब्रोमाईड असतं, रंगहीन, त्याला पाण्याचा स्पर्श दिला की जादाचं सिझियम ब्रोमाईड निघून जातं आणि मागे आपला हिरवा पेरोव्स्काईट राहतो. २०१७ ला हे छापून आलंय. म्हणजे पाणी शत्रूच असं नाही, ते फक्त सिझियम ब्रोमाईड मागतं. प्रश्न एवढाच की दार कुठे उघडं आहे.

आणि दार पृष्ठभागावर आहे. ओलेईक अ‍ॅसिड आणि ओलेलअमाईन हे लिगँड, म्हणजे क्रिस्टलच्या पृष्ठभागाला धरून बसणारे रेणू, घट्ट चिकटलेले नसतात, सतत सुटतात, परत येतात, एकमेकांत प्रोटॉन देवघेव करून दोघंही निघून जातात. त्यात आपण सॅम्पल धुतो. न धुतलं तर जादा तेलामुळे फिल्म चांगली होत नाही आणि लेझरसाठी दाट फिल्म लागते, धुतलं तर लिगँड निघतात. मिथाईल अ‍ॅसिटेटने दुसऱ्यांदा धुतल्यावर आमची चमक सरळ खाली येते. लेझरवाल्याला जे हवं आणि पाणीवाल्याला जे हवं ते इथेच एकमेकांच्या आड येतं.

६ जुलै

दिवसभर वाचन. कॅडमियम सेलेनाईडच्या क्वांटम डॉटना, म्हणजे त्या पदार्थाच्या नॅनोक्रिस्टलना, हा त्रास इतका का होत नाही? त्यांच्यावर झिंक सल्फाईडचं कवच चढवता येतं, बंध पक्के, पाण्यात काही होत नाही. त्या डॉट्समध्ये स्टिम्युलेटेड एमिशन (लेझरच्या मुळाशी असलेली प्रक्रिया) क्लिमॉव्ह आणि मंडळींनी २००० सालीच दाखवलं होतं. पेरोव्स्काईटला तसं कवच चढवायचं तर आयन जागेवर थांबत नाहीत, ब्रोमाईडच्या जागी क्लोराईड किंवा आयोडाईड रूम टेंपरेचरला मिनिटात घुसतं. पण याच मऊपणाचा फायदा म्हणजे डिफेक्ट सहन करायची ताकद, कवच नसतानाही ९० टक्क्यांपर्यंत क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी तेवढे परत बाहेर. एका हाताने देतो, दुसऱ्या हाताने घेतो.

यावरून एक नियम करून टाकला: सगळ्या टेस्ट डीआय (डीआयोनाईज्ड) पाण्यात. नळाच्या पाण्यात क्लोराईड असतं, नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि क्लोरीन करून येतं, रंग निळ्याकडे सरकला तर तो पाण्यामुळे की क्लोराईडमुळे हे कळणार नाही. नळाच्या पाण्याची टेस्ट वेगळी, शेवटी.

१३ जुलै

लेसिथिन! कोवालेन्को ग्रुपचाच २०१९ चा पेपर, सोया लेसिथिन, म्हणजे सोयाबीनच्या तेलातून निघणारा मेदासारखा पदार्थ, लिगँड म्हणून वापरून सिझियम लेड हॅलाईडचे अतिशय दाट आणि अतिशय पातळ दोन्ही प्रकारचे कोलॉईड, म्हणजे द्रवात तरंगते क्रिस्टल, टिकवलेत. कारण समजतं. लेसिथिनच्या डोक्यावर प्लस आणि मायनस दोन्ही चार्ज एकाच रेणूत असतात, प्लस टोक ब्रोमाईडकडे, मायनस टोक शिसं-सिझियमकडे, दोन्ही हात एकदम सुटले तरच रेणू जाईल. वर दोन लांब शेपट्या, त्या पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. ओलेलअमाईनसारखं प्रोटॉन देऊन पळून जाणं याला जमत नाही.

आणि आपण कुठे बसलोय? माळव्यात. चारी बाजूला सोयाबीन पेरलंय, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरात आहे. प्युअर लेसिथिनची ऑर्डर टाकली पण यायला वेळ लागणार, तोवर मामाला फोन केला. मामाने आयुष्य सोया तेलाच्या प्लांटमध्ये काढलंय.

"मामा, तुमच्याकडे लेसिथिन निघतं ना?"

"निघतं की. तेल साफ करताना, डीगमिंगला निघतं, आम्ही गम म्हणतो. तुला कशाला पाहिजे गं?"

"लेझरला."

"लेझरला गम? बरं, आणतो. पण बेटा, कच्चा असतो तो, तेल असतं त्यात, नीट साफ करून घे."

१८ जुलै

मामा बरणी देऊन गेला. काकवीसारखं तपकिरी, घट्ट, चमच्याला तार धरणारं. कच्च्या लेसिथिनमध्ये तिसरा हिस्सा तरी सरळ तेलच असतं. ते काढायची पद्धत जुनी आणि साधी: अ‍ॅसिटोन. फॉस्फोलिपिड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाहीत (फॉस्फोलिपिड म्हणजे लेसिथिनचे मूळ रेणू), तेल विरघळतं. थंड अ‍ॅसिटोनमध्ये घालून काचेच्या रॉडने मळत बसले, अ‍ॅसिटोन पिवळा होतो, ओतून द्यायचा, परत नवा. आधी रॉडला चिकटून बसणारा गोळा हळूहळू कोरडा पडत जातो, चिकटपणा जातो, रॉडने दाबला की तुटतो, आणि शेवटी फिकट पिवळी दाणेदार पावडर होते जी बोटात चुरडते. व्हॅक्युममध्ये रात्रभर.

ज्युनिअर बाजूला उभी राहून बघत होती, म्हणाली ताई हे तर स्वयंपाकघरातलं काम आहे. मी म्हटलं नीट बघ, उद्या तुलाच करायचंय. यात कमी जास्त लांबीच्या शेपट्यांचे आणि वेगवेगळ्या डोक्यांचे फॉस्फोलिपिड मिसळलेले आहेत, प्युअर फॉस्फॅटिडिलकोलिन नाही, त्यामुळे मोठा दावा करता येणार नाही. पण कल्पना चालते का बघायला पुरे.

२७ जुलै

चालते. लेसिथिनवाली बॅच धुतली, परत धुतली, पुन्हा टोल्युईनमध्ये टाकली, ढवळली, ट्रान्सपरंट. साध्या बॅचला एवढं धुतलं की ती गढूळ होऊन खाली बसते. मामाच्या गमची आणि विकतच्या प्युअरची, दोघांची तुलना केली, प्युअर चांगलं आहे, पीक थोडा बारीक, पण गमवालं लाजेल इतकं मागे नाही. मामाला फोटो पाठवला, हिरवी बाटली. त्याने तो सगळ्या फॅमिली ग्रुपवर टाकला.

पाण्याचा थेंब: कडेची काळी रेघ आता बराच वेळ येतच नाही, पण येते. ठिपके मात्र खूप कमी. म्हणजे लिगँडने दार लोटलं, कडी अजून लागलेली नाही.

३ ऑगस्ट

सिलिका. ओलेलअमाईनच्या जागी थोडं एपीटीईएस नावाचं अमिनोसिलेन घालायचं, ज्याच्या एका टोकाला अमाईन असतो तो क्रिस्टलला धरतो आणि दुसऱ्या टोकाचे सिलेन हवेतल्या बाष्पाने एकमेकांना जोडून सिलिकाचं जाळं विणतात. २०१६ च्या पेपरात हे उघड्या हवेत ढवळत ठेवून केलंय. आमच्याकडे तर हवाच ८५ टक्के. पहिल्यांदाच या पावसाळ्याने आमचं काम केलं. फक्त वेग आवरत नाही, आर्द्रता जास्त असली की जाळं भराभर विणलं जातं आणि गुठळ्या होतात.

टीएमओएस, सिलिका बनवायचं दुसरं रसायन, ते पण करून बघितलं. सोडून दिलं. त्याच्या हायड्रॉलिसिसमधून मिथेनॉल सुटतो आणि मिथेनॉल स्वतःच लिगँड सोलतो. शिवाय एका सिलिकाच्या गोळ्यात कितीतरी क्रिस्टल अडकतात, गोळा काहीशे नॅनोमीटरचा, पावडर पाण्यात छान चमकते पण फिल्म दुधाळ दिसते. दुधाळ फिल्म म्हणजे प्रकाश विखुरतोय, आणि जो प्रकाश फिल्ममध्ये सरळ धावत नाही तो अ‍ॅम्प्लिफाय कसा होणार.

१७ ऑगस्ट

पीएमएमए, एक पारदर्शक प्लास्टिक. टोल्युईनमध्ये क्रिस्टल आणि पीएमएमए एकत्र, काचेवर जाड फिल्म, पेट्री डिशमध्ये पाण्याखाली. काल संध्याकाळी ठेवली, आज सकाळी तश्शीच. थक्क करणारी. सगळे बघायला आले, कोणीतरी पाण्याखालच्या फिल्मवर टॉर्च मारून रील पण बनवली, बाजूच्या लॅबमधून पोहे-जिलबी आली. सर म्हणाले, पेपर लिहायला घे.

मला घाई करायची नाही. शनिवारी लेझरचा स्लॉट आहे, तिथे काय होतं ते बघून.

२४ ऑगस्ट

लेझर लॅब. दुसऱ्या संस्थेत आहे, स्लॉट मिळायला महिना जातो. टायटेनियम सफायर लेझरची दुसरी हार्मोनिक, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश, ४०० नॅनोमीटर, फेम्टोसेकंद पल्स. आमच्याकडे नॅनोसेकंदचा एनडी-याग लेझर आहे, ३५५ चा, पण त्यावर एएसई मिळवणं जास्त कठीण: एका क्रिस्टलमध्ये सरासरी एकापेक्षा जास्त एक्सिटॉन (प्रकाशाने उठवलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी) असले तरच गेन मिळतो आणि दोन एक्सिटॉन एकत्र आले की ऑजे प्रक्रिया, जिच्यात ऊर्जा प्रकाश न होता वाया जाते, त्यांना काही दहा पिकोसेकंदात खाऊन टाकते, नॅनोसेकंद पल्स येईपर्यंत पुरेसे जमतच नाहीत, मग पंप वाढवायचा, मग फिल्म तापते.

सिलिंड्रिकल लेन्सने पंपची पट्टी करून फिल्मवर टाकली, कडेतून बाहेर येणारा प्रकाश फायबरमध्ये. आधी साधी लेसिथिन फिल्म, कोरडी. पंप वाढवत नेला, ५१६ चा रुंद डोंगर उंच होत गेला आणि एका जागी त्याच्या लाल बाजूला, ५३० च्या आसपास, एक बारीक सुळका फुटला. पंप अजून थोडा वाढवला तर सुळका एकदम वर, रुंदी वीसवरून पाचच्या खाली. लेझर लॅबमधले दादा म्हणाले, आलं बघा मॅडम. मी काही बोललेच नाही, स्क्रीनवरून नजर हलत नव्हती. थ्रेशोल्ड, म्हणजे सुळका यायला लागणारा किमान पंप, झुरिचच्या आकड्याच्या कितीतरी वर आहे पण आमचा आहे.

मग पीएमएमएची लाडकी फिल्म. पंप वाढवला. डोंगर वाढला. आणखी वाढवला. डोंगरच. सुळका नाही. शेवटी पंपच्या पट्टीखाली फिल्म जळून काळी रेघ पडली तरी सुळका नाही.

२५ ऑगस्ट

घरी येऊन कागदावर मांडलं. हे लिहून ठेवते कारण पुढचं सगळं यावर आहे.

एएसई फिल्ममध्ये प्रकाश अडकून धावला तरच होतं. अडकण्यासाठी फिल्मचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश वाकवायची क्षमता) खालच्या काचेपेक्षा आणि वरच्या माध्यमापेक्षा जास्त हवा. काच १.५२. आमची दाट क्रिस्टल फिल्म १.८ च्या पुढे, ती वेव्हगाईड, म्हणजे प्रकाशाची नळी, होते. पीएमएमए १.४९. त्यात चार टक्के क्रिस्टल मिसळले तर इंडेक्स काचेच्या खालीच राहतो किंवा जेमतेम बरोबरीला येतो, प्रकाश काचेत गळून जातो, फिल्ममध्ये धावतच नाही. वर आणखी, क्रिस्टल एकमेकांपासून लांब लांब, म्हणजे प्रति सेंटीमीटर गेन कमी. पाण्यापासून वाचवायला आपण जे जे मिसळतो, पॉलिमर असो नाहीतर सिलिका, ते गेन पातळ करतं आणि इंडेक्स खाली ओढतं.

म्हणून पाण्याखाली टॉर्चमध्ये चमकणं ही आपली टेस्ट होऊच शकत नाही. चमकायला एकेकटा क्रिस्टल जिवंत असला तरी पुरतं. लेझ व्हायला सगळी गर्दी एकत्र, दाट, सपाट आणि जिवंत लागते. मी आजवर जितके पाणी-स्थिरतेचे फोटो पाहिले त्यातले बहुतेक टॉर्चचे आहेत, ते दिव्यासाठी, डिस्प्लेसाठी अगदी बरोबर आहेत, पण लेझरच्या नावाखाली तो फोटो पुरत नाही.

२८ ऑगस्ट

सरांना कागद दाखवला. त्यांनी नीट वाचला, मग म्हणाले, मग टेस्ट तूच ठरव आणि सगळ्यांना तीच लाव. ठरवलं: पाण्यात ठेवायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा एएसईचा थ्रेशोल्ड. पीएल किती उरलं ते सोबत. आणि ज्या पाण्यात फिल्म ठेवली त्या पाण्यात शिसं किती उतरलं.

शिशाचं लगेच करता येतं. पाणी गाळून त्यात पोटॅशियम आयोडाईडचे थेंब, शिसं असेल तर पिवळं लेड आयोडाईड. बिनासंरक्षणाच्या फिल्मचं पाणी झटकन पिवळं झालं, टेस्टट्यूबच्या तळाला सोनेरी चूर बसला. पीएमएमएचं स्वच्छ. पण स्वच्छ दिसलं म्हणजे शिसं नाही असं अजिबात नाही, पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि डोळ्याला पिवळं दिसायला त्याच्या कितीतरी पट शिसं लागतं. खरा आकडा धातूचं प्रमाण मोजणाऱ्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवरूनच घ्यायचा. सगळं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, शिशाचं लेबल लावून. स्वच्छतेत नाव कमावलेल्या शहरात राहून हे सिंकमध्ये ओतणं मला जमणार नाही, दुसऱ्या कुणी ओतताना दिसलं तरी मी बोलणार.

११ सप्टेंबर

दिशा बदलली. मिसळायचं नाही, झाकायचं. दाट लेसिथिन फिल्म तशीच ठेवायची आणि वरून वेगळा थर द्यायचा.

वरचा थर कसा हवा? त्याच्या सॉल्व्हंटने खालची फिल्म विरघळता कामा नये, म्हणून टोल्युईनमधलं काहीही बाद. इंडेक्स कमी हवा. फ्लुओरोपॉलिमर दोन्हीत बसतो, फ्लुओरिनेटेड सॉल्व्हंटमध्ये असतो ज्याला आमचे क्रिस्टल ओळखतही नाहीत, आणि सायटॉप या फ्लुओरोपॉलिमरचा इंडेक्स १.३४. आता पाण्याचा बघा, १.३३! म्हणजे फिल्म पाण्यात बुडवा नाहीतर बाहेर काढा, आतल्या प्रकाशाला वर जवळपास तेच दिसणार. उघड्या फिल्मवर पाणी आलं की हवेच्या १.०० चं १.३३ होतं आणि मोड, म्हणजे फिल्ममध्ये प्रकाश बसायची पद्धत, सरकतो, इथे थर पुरेसा जाड असला तर आधी आणि नंतरची तुलना खरी तुलना होईल. हे सुचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

चिकटण्याचा प्रश्न आहे, फ्लुओरोपॉलिमर कशालाच नीट धरत नाही. पण त्याच्या एका ग्रेडला काचेवर बसवायला अमिनोसिलेनचा प्रायमर वापरतात, म्हणजे आपलं एपीटीईएसच. फिल्म तयार झाल्यावर डेसिकेटरच्या बंद भांड्यात एपीटीईएसची वाफ द्यायची, थोडाच वेळ, कारण अमाईन जास्त झाला की क्रिस्टल रंगहीन टेट्रासिझियमवाल्या रूपात जातात. मग हवेतल्या बाष्पाने ते जोडलं जाईल. पावसाळा संपायच्या आत करून घ्यायला हवं.

बाटली महाग आहे. सरांनी काही न बोलता सही केली.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, झांक्यांच्या (चित्ररथांच्या) मिरवणुकीमुळे संध्याकाळनंतर राजवाड्याकडचे रस्ते बंद, सॅम्पल न्यायचं आजवर ढकललं. आई म्हणाली एक रात्र तरी सॅम्पल सोडून झांकी बघ. बघितली, पहाटेपर्यंत.

आज पाण्याची टेस्ट. वरून फिल्म एकदम उत्तम, मध्यभागी एकही ठिपका नाही. पण एका बाजूने काळा पट्टा आत सरकतोय. तीच बाजू जिथे काच कापली होती. लेझरच्या मोजणीला स्वच्छ कड लागते, प्रकाश कडेतूनच बाहेर येतो, म्हणून आम्ही थर दिल्यानंतर डायमंड कटरने काच तोडतो. आणि तोडलेल्या कडेला फिल्म उघडी. पाण्याला वरून वाट नाही मिळाली, ते बाजूने आलं. टॉर्चच्या फोटोत कडेचा एक मिलिमीटर कुणी मोजत नाही पण लेझरचा सगळा प्रकाश त्याच मिलिमीटरमधून जायचा असतो.

२१ सप्टेंबर

उपाय: आधी कापायचं, मग झाकायचं. स्पिन कोटिंगने कड झाकली जात नाही, म्हणून डिप कोटिंग, कापलेली स्लाईड उभी धरून पॉलिमरमध्ये बुडवायची आणि अगदी सावकाश वर ओढायची. बाजूच्या लॅबमधल्या सिरिंज पंपाला दोरा बांधून केलं. मग व्हॅक्युममध्ये, नेहमीच्या बेकिंग तापमानाच्या बरंच खाली पण वेळ वाढवून, नाहीतर खालचे क्रिस्टल एकमेकात वितळून मोठे होतात आणि पीक लाल बाजूला सरकतो. कडेवर पॉलिमरची गोलाई येते, प्रकाश थोडा पसरतो. चालेल.

५ ऑक्टोबर

परत लेझर लॅब. यावेळी क्वार्ट्झच्या चौकोनी क्युव्हेटमध्ये, छोट्या पारदर्शक भांड्यात, पाणी आणि त्यात उभी स्लाईड, पंप काचेच्या बाजूने, कडेचा प्रकाश क्युव्हेटच्या शेजारच्या भिंतीतून. दादांनी आधी साफ नकार दिला, ऑप्टिकल टेबलवर पाणी नको. मग खाली ट्रे ठेवला, झाकण लावलं, आणि स्वतः क्युव्हेट धरून अलाईन करून दिलं.

आधी कोरडी मोजली. सुळका ५३१ ला.

मग पाणी भरलं. पंप खालून वर. डोंगर, डोंगर, डोंगर... आणि सुळका. पाण्याच्या आत, त्याच जागी, थ्रेशोल्ड कोरड्यापेक्षा जरासाच वर. स्लाईड तशीच पाण्यात ठेवून दुपारी जेवून आलो, परत मोजलं, आहे. संध्याकाळी निघताना मोजलं, थ्रेशोल्ड कोरड्याच्या दीडपटीच्या आत. सोबत नेलेली थर नसलेली फिल्म दुसऱ्या क्युव्हेटमध्ये केव्हाच पांढरी पडली होती, तिच्या पाण्यात आयोडाईड टाकलं तर पिवळं.

दादा म्हणाले, मॅडम ही रात्रभर इथेच राहू द्या, मी सकाळी आल्यावर एक रीडिंग घेऊन पाठवतो.

६ ऑक्टोबर

रविवार असून सकाळी नऊला मेसेज आला. सुळका आहे. थ्रेशोल्ड आता दुप्पट, पीएल कमी झालंय. फोटोत काळे ठिपके दोन ठिकाणी, बहुधा धुळीचा कण होता तिथे थर पातळ पडला असावा. कडेला काही नाही. कड वाचली.

सरांना फोन केला. ते म्हणाले, आता लिही. मी म्हटलं, आता लिहिते.

१६ ऑक्टोबर

लिहायला बसल्यावर काय काय उरलंय ते दिसतंय. पॉलिमर पाणी थांबवत नाही, उशीर करतो, बाष्प सगळ्याच पॉलिमरमधून हळूहळू जातं. आठवडाभराची टेस्ट अजून नाही. क्रिस्टल सिलिकाच्या बारीक छिद्रात जास्त तापमानाला कोंडून छिद्रंच बंद करायची पद्धत २०२० ला आलीय, टिकण्यात ती आमच्या कितीतरी पुढे आहे, पण त्यातून दाट गुळगुळीत फिल्म कशी काढायची हे मला अजून दिसत नाही. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचे शिशाचे आकडे पुढच्या आठवड्यात. नळाचं पाणी बाकी. धुळीसाठी डिप कोटिंग लॅमिनार फ्लो हूडखाली हलवायचंय, ज्युनिअर आजपासून तेच बघतेय.

मामा विचारत होता, नवं सोयाबीन आलंय मंडीत, ताज्या तेलाचा गम आणू का. आणा म्हटलं, यावेळी दोन बरण्या.